जागतिकीकरण शिकवायचं तर लासलगावपासून शिकवा

'जागतिकीकरण म्हणजे काय? त्याचे फायदे व तोटे सांगा.' गुण १५.

बी.कॉम., बीबीए, बीएमएस, एमबीए, कुठल्याही कोर्सचे मागचे पाच-सात पेपर काढून बघा. शब्द थोडे इकडचे तिकडे होतील, पण हा प्रश्न भेटतोच. उत्तरही ठरलेलं असतं. फायदे सहा, तोटे सहा. परकीय गुंतवणूक येते, तंत्रज्ञान येतं, ग्राहकाला निवडीला वाव मिळतो. उलट लघुउद्योग बुडतात, विषमता वाढते, संस्कृतीवर आक्रमण होतं. शेवटी 'अशा प्रकारे जागतिकीकरण ही दुधारी तलवार आहे' हे वाक्य टाकलं की १५ पैकी ११ मार्क कुठे गेले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही फसवणूक आहे. पोरांची, त्यांच्या आईबापांची आणि या राज्याचीही. जरा लांबण लागेल, पण वाचा.

मी निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामात वीसेक वर्षं आहे. दरवर्षी आमच्याकडे नव्या पोरापोरींच्या मुलाखती होतात. 'इंटरनॅशनल बिझनेस' हा विषय घेऊन एमबीए झालेली मुलं असतात. पोर्टरचे पाच फोर्सेस तोंडपाठ. मॅकडोनाल्डनं भारतात बीफ बर्गर का नाही विकला, हे तर झोपेत सांगतील. त्यांना एक बिल ऑफ लेडिंग हातात दिलं, की हे काय असतं असा चेहरा होतो. एफओबी आणि सीआयएफ यांची व्याख्या येते. पण माल बोटीवर चढल्यावर भिजला तर नुकसान कुणाचं, असं विचारलं की शांतता. एचएस कोड कुठे बघायचा माहीत नाही. यात पोरांना हसण्यासारखं काही नाही. दोन वर्षांत एकानंही त्यांना खरा कागद दाखवलेला नसतो. फी मात्र लाखांत.

बरं, हे नुसतं नोकरीच्या कौशल्याचं रडगाणं नाही. कागद महिन्याभरात शिकवता येतात, आम्ही शिकवतोच. खरा प्रश्न वेगळा आहे. जगाचा व्यापार कसा चालतो, त्यातले निर्णय कोण घेतं, फायदा कुणाच्या खिशात जातो आणि भुर्दंड कुणाच्या डोक्यावर बसतो, हे ज्याला कळत नाही, त्यानं व्यापार शिकला म्हणायचं कसं?

कांद्याचं घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं. ८ डिसेंबर २०२३ ला सरळ निर्यातबंदीच. ती आधी ३१ मार्चपर्यंत होती, मग पुढचा आदेश येईपर्यंत वाढवली. मधेच गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली, तेव्हा नाशिक जिल्ह्यात काय संताप झाला ते आठवत असेल. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. ते शून्य व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

म्हणजे वीस महिन्यांत नियम निदान सहा वेळा बदलले. जागतिक व्यापाराचा यापेक्षा चांगला धडा कुठे मिळणार? गॅट कराराचं ११ वं कलम सांगतं, की निर्यातीवर अशा बंद्या घालू नयेत. पण अन्नाची तीव्र टंचाई असेल तर तात्पुरती मुभा आहे. मग वर्गात विचारा ना, ही टंचाई 'तीव्र' होती का? 'तात्पुरती' म्हणजे किती महिने? २०१९ ला बंदी, २०२० ला बंदी, २०२३ ला पुन्हा बंदी, असा ज्याचा शब्द दर एक-दोन वर्षांनी फिरतो त्या देशाकडून बांगलादेशचा व्यापारी कायमचा माल का घेईल? २०१९ मध्ये शेख हसीना दिल्लीत येऊन भर व्यापारी परिषदेत हसत हसत सुनावून गेल्या होत्या, की बंदी घालणार होतात तर आधी कळवायचं तरी, मी आचाऱ्याला कांदा टाकू नको म्हणून सांगितलं. सगळे हसले. पण त्या विनोदात पुरवठादार म्हणून आपली पत काय उरली, हे दडलेलं होतं. आणि दुसरी बाजूही शिकवा. मुंबईतल्या झोपडपट्टीत कांदा ऐंशी रुपये किलो झाला तर त्या बाईनं काय करायचं? तिला स्वस्त कांदा द्यायचा भार निफाडच्या शेतकऱ्यानं एकट्यानं का उचलायचा? सरकारी तिजोरीनं का नाही?

निफाड, चांदवड, येवल्याच्या कॉलेजांत बी.कॉम.ला बसलेल्या निम्म्या पोरांच्या घरी चाळीत कांदा आहे. त्या वर्गात कोका-कोलाची केस शिकवली जाते. बोला आता.

'हे सगळं अलीकडचं आहे, सिलॅबस बदलायला वेळ लागतो' असं एक उत्तर येतं. ठीक. मग जुनं घ्या. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात राजाबाई टॉवर उभा आहे. तो कुणाच्या पैशातून? प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून. त्यांचा पैसा कुठून आला? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानातल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, रोज नवी कंपनी, शेअरांचा सट्टा. युद्ध संपलं, भाव कोसळले, १८६५ मध्ये सट्टा फुटला, खुद्द प्रेमचंद बुडाले. आणि खेड्यात काय झालं? तेजीत सावकारांनी हात सैल सोडला होता, मंदीत तेच कर्ज फास झालं. त्यात सरकारनं सारावाढ केली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांची खतं-दस्तऐवज काढून जाळले आणि दख्खनचे दंगे पेटले.

अमेरिकेतलं युद्ध, मँचेस्टरच्या गिरण्या, मुंबईचा शेअर बाजार आणि सुप्याचा शेतकरी, हे सगळं एका दोरीत ओवलेलं. दीडशे वर्षांपूर्वी. त्या टॉवरच्या सावलीत बसून पोरं लिहितात, 'भारतात जागतिकीकरणाची सुरुवात १९९१ साली झाली.'

१९९१ लाही काय झालं ते तरी नीट कुठे शिकवतात? परकीय गंगाजळी आटली होती, रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं, जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं आणि २४ जुलैला मनमोहन सिंगांनी तो अर्थसंकल्प मांडला. नोट्समध्ये यातलं उरतं काय? 'एलपीजी धोरण.' तीन शब्दांची आद्याक्षरं. पोरांना ते गॅस सिलिंडरमुळे लक्षात राहतं.

आता कुणी म्हणेल, हे विषय इतिहासाचे, अर्थशास्त्राचे. आमचा कोर्स 'मॅनेजमेंट'चा आहे. ही भिंत आपणच बांधली. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ साली सुरू झालं. तिथे १९१८ साली राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून कोण रुजू झालं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली आला. रुपयाची किंमत कशाला बांधलेली असावी, ती ठरवण्याची सत्ता सरकारच्या हातात किती असावी, चलन घसरलं की कुणाचं पोट मारलं जातं, हे त्यातले प्रश्न. आज डॉलर वर गेला की आपण जे बोलतो तेच. वाणिज्य शाखेच्या किती विद्यार्थ्यांना हे माहीत आहे? जयंतीला हार घालतो, पुस्तक मात्र सिलॅबसबाहेर.

त्याच सिडनहॅममधून पुढे एम.कॉम. होऊन शरद जोशी बाहेर पडले. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला शेती घेतली. शेतकरी संघटनेचं म्हणणं आवडो न आवडो, पण डंकेल प्रस्तावाच्या वेळी डावे, उजवे, स्वदेशीवाले सगळे विरोधात असताना हा माणूस शेतकऱ्यांना सांगत होता, की आपल्याला जगाची बाजारपेठ हवी आहे, आपलं सरकारच आपल्याला उणे सबसिडी देतंय. त्यांच्यावर टीका करणारेही थोडेथोडके नव्हते. हा वाद मराठीत झाला, खेड्यापाड्यांत झाला, जाहीर सभांत झाला. आठवी-दहावी शिकलेली माणसं तेव्हा गॅटवर तावातावानं बोलायची. आज एमबीएच्या वर्गात तेवढी चर्चा होत नाही.

आणि धनंजयराव गाडगीळ? गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले, त्याचे पहिले अध्यक्ष झाले. प्राध्यापकानं शेताच्या बांधावर जाऊन उद्योग उभा करायचा, ही आपली परंपरा आहे. साखर सम्राटांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्यासाठी गाडगीळांना पुस्तकातून बाहेर काढायचं कारण नाही. उलट सहकार का उभा राहिला आणि कुठे किडला, हीसुद्धा केस स्टडीच.

केस स्टडीवरून आठवलं. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प. १९९२ ला सामंजस्य करार, १९९३ ला वीजखरेदी करार, १९९५ ला नव्या सरकारनं रद्द, पुन्हा वाटाघाटी, पुन्हा चालू, २००१ ला बंद आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात खुद्द एन्रॉनचंच दिवाळं. या प्रकल्पावरची केस हार्वर्ड बिझनेस स्कूलनं नव्वदच्या दशकातच लिहिली. डबेवाल्यांवरची केस त्यांनी २०१० साली लिहिली. म्हणजे बॉस्टनमधली पोरं गुहागरचा अभ्यास करतात आणि रत्नागिरीतली पोरं स्टारबक्सचा. यात हार्वर्डचा काय दोष? त्यांनी त्यांचं काम केलं. आपण नाही केलं.

आजचं हवं तर तळेगावला जा. जनरल मोटर्सनं २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं बंद केलं, पण तळेगावच्या कारखान्यातून निर्यात चालू ठेवली. डिसेंबर २०२० मध्ये तेही उत्पादन थांबलं. कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं ठरलं होतं. तेवढ्यात शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली, गलवान घडलं, फाइल अडकली ती अडकलीच. २०२२ मध्ये व्यवहार बारगळला. २०२३ मध्ये ह्युंदाईनं कारखाना घ्यायचा करार केला. मधल्या काळात हजारभर कामगार कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. डेट्रॉइटमधला निर्णय, लडाखमधली चकमक, दिल्लीतला नियम, कोरियातली कंपनी, आणि मधे सापडलेला मावळातला कामगार ज्याचा घराचा हप्ता चालू आहे. त्या कारखान्याच्या आसपास मॅनेजमेंट कॉलेजं काही कमी नाहीत. यावर तिथे एक तरी प्रकल्प-अहवाल झाला असेल तर मला पाठवा, मनापासून वाचीन.

मग अडचण कुठे आहे? आळस हे सोपं उत्तर झालं. मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, शिकवणारा. कॉलेजांत कायम जागा भरल्याच जात नाहीत. तासिका तत्त्वावर नेमलेला नेटसेट झालेला माणूस दोन-तीन कॉलेजांत पळत तास घेतो, मानधन महिनोन्महिने थकतं. त्याला सांगायचं की तू बाजार समितीत जाऊन केस लिही? पेट्रोल कोण देणार?

दुसरं, धंदा. हो, शिक्षणाचाच. २०२४-२५ मध्ये बीबीए, बीएमएस एआयसीटीईच्या कक्षेत आले, सीईटी सक्तीची झाली, जागा रिकाम्या राहायला लागल्या. कित्येक कॉलेजांनी काय केलं? कोर्सचं नाव बदललं. बी.कॉम. करून कंसात 'मॅनेजमेंट' टाकलं की सीईटी नको. आत शिकवायचं काय, यावर एक बैठक झाली नसेल. पाटीवर काय रंगवायचं यावर नक्की झाली. जी संस्था स्वतः असा व्यापार करते, ती पोरांना व्यापाराबद्दल अवघड प्रश्न विचारायला कशी शिकवील?

तिसरं कारण जास्त खोल आहे. आपल्याला मनातून वाटतं की 'ग्लोबल' म्हणजे दुसरीकडचं. ग्लोबल म्हणजे इंग्रजी, काच, टाय, विमानतळ. कांदा, चप्पल, भंगार, ट्रॉलर, हे ग्लोबल कसं असेल? मग जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, की आपण फेसबुकवर दोन दिवस खवळतो. आपल्याकडे २०१९ पासून कोल्हापुरीला जीआय आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण जीआय हा त्या त्या देशापुरता हक्क असतो, इटलीत तो आपोआप चालत नाही, हे किती जणांना ठाऊक होतं? कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजनं गेल्या पाच वर्षांत युरोपात नोंदणी करायची तर काय करावं लागेल, खर्च किती, अर्ज कुणी करायचा, एवढं शोधून ठेवलं असतं, तर संतापाच्या पोस्टऐवजी एक कागद हातात असता.

आक्षेप मला माहीत आहेत. 'पोरांनाच हे नको असतं, त्यांना पॅकेज हवं.' अहो, पोरांना दिलंय कधी? लाल समुद्रात २०२३ च्या शेवटी जहाजांवर हल्ले सुरू झाले, बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, युरोपला जाणारी नाशिकची द्राक्षं जास्तीचे दहा-बारा दिवस कंटेनरमध्ये राहिली, भाडी वाढली. ज्या पोराच्या बापाची बाग आहे त्याला हे सांगून बघा, तो घड्याळाकडे बघतो का ते. 'हे राजकारण झालं.' झालंच. व्यापार हा कायम राजकारणच होता. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, ते काय पोर्टरच्या आकृतीत बसवून समजावणार? 'मग काय जागतिक सिद्धांत शिकवायचेच नाहीत?' शिकवा की. रिकार्डो शिकवा, पोर्टर शिकवा. पण रिकार्डो शिकवल्यावर विचारा, की पोर्तुगालच्या वाइनचा हिशेब नागपूरच्या संत्र्याला लागू होतो का, आणि बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं की वरूड-मोर्शीत काय होतं. सिद्धांताची खरी परीक्षा तिथेच होते.

सरकारनं जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबईत येण्यासाठी इरादापत्रं दिली. येऊ देत, माझा विरोध नाही. पण ज्या भागात ती येणार, त्याच भागात, न्हावा-शेव्याच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर जासई आहे. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथे आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के जमिनीचं तत्त्व आलं. बंदर १९८९ ला सुरू झालं. उरण-पनवेलच्या पोरांनी त्या परदेशी वर्गात फी भरून बसायचं आणि जासईचं नावही ऐकायचं नाही, असं होणार असेल तर मात्र माझा विरोध आहे.

मागण्या मोठ्या नाहीत. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या जिल्ह्यातल्या एका मालाचा पूर्ण प्रवास लिहावा, शेतापासून किंवा मागापासून परदेशातल्या दुकानापर्यंत. प्रत्येक टप्प्यावर कुणाला किती रुपये मिळाले तो हिशेब त्यात हवाच. सोलापूरचा टॉवेल, जळगावची केळी, सांगलीचा बेदाणा, रत्नागिरीचा हापूस, काहीही. पेपरात 'फायदे-तोटे' बंद करून एक खरी सरकारी अधिसूचना द्या आणि विचारा, ही कुणाला लागू, कुणाला फटका, तुम्ही व्यापारी असाल तर उद्या सकाळी काय कराल. हे सगळं मराठीत लिहायची मुभा द्या, नुसती कागदावर नको, तपासणाराही तसा ठेवा. अभ्यास मंडळावर शेतकरी कंपनीचा एक माणूस, बंदरातला एक माणूस, कामगार संघटनेचा एक माणूस घ्या. आणि तासिकेवरच्या प्राध्यापकांच्या कायम जागा भरा, नाहीतर वरचं सगळं फुकट.

अभ्यास मंडळांवरचे काही जण या यादीत आहेत, मला माहीत आहे. तुमच्याकडून 'छान विचार' अशी कमेंट नको. पुढच्या बैठकीत यातला एक मुद्दा मांडणार का, तेवढं हो किंवा नाही लिहा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या तालुक्यातून कुठला माल देशाबाहेर जातो, कुठल्या देशात जातो, माहीत असेल तर खाली लिहा. माहीत नसेल तर या रविवारी बाजार समितीत, एमआयडीसीत किंवा पॅकहाउसवर जाऊन विचारून या. परवानगी लागत नाही.